घरगुती प्रोजेक्टरची जुनी फिल्म रिळे संग्राहकांना विकताना

कोल्हापुरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. त्याआधी बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने येथेच मूकपट काढले होते. या वारशामुळे माळ्यावरून पत्र्याचा डबा खाली आला की तो एखाद्या स्टुडिओचाच असावा, अशी आशा घरच्यांना वाटते. बहुतेक वेळा त्यात घरगुती प्रोजेक्टरची ८ किंवा १६ मिलिमीटरची रिळे निघतात. त्यांनाही जाणकार संग्राहक मिळतात. मात्र दूरचा ग्राहक रीळ हातात न घेता, केवळ आपल्या वर्णनावर विश्वास ठेवून पैसे मोजत असतो, म्हणून ते वर्णन नेमके आणि प्रामाणिक असायला हवे.

रीळ चालते का हे पाहण्यासाठी ते घरातल्या जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नये. आखडलेल्या फिल्मची छिद्रे यंत्राच्या दात्यांवर बसत नाहीत आणि काही सेकंदांत कित्येक फूट पट्टी फाटते. तपासणी हातानेच करावी. सुती हातमोजे घालून, पट्टी फक्त कडांनी धरून, सुरुवातीचे दोन-तीन हात उजेडासमोर उलगडावे आणि भिंगातून पाहावे.

प्रथम रुंदी आणि छिद्रे पाहावीत. साधी ८ मिलिमीटर आणि १९६५ साली आलेली सुपर ८ यांची रुंदी सारखीच असते. पण सुपर ८ ची छिद्रे लहान आणि चित्रचौकट मोठी असते. छिद्र पट्टीच्या मधोमध, दोन चौकटींच्या सीमेवर असेल, तर ती पाथे या फ्रेंच कंपनीची साडेनऊ मिलिमीटरची फिल्म समजावी. १६ मिलिमीटरमध्ये दोन्ही कडांना छिद्रे असतील तर प्रिंट मूक असते. एकाच कडेला छिद्रे आणि दुसऱ्या कडेला ध्वनीची नागमोडी किंवा पट्ट्यापट्ट्यांची रेघ असेल तर ती बोलकी असते. ३५ मिलिमीटरची पट्टी निघाली, तर मात्र तेथेच थांबावे. १९५० च्या सुमारापूर्वीची अशी फिल्म नायट्रेटची असू शकते आणि नायट्रेट सहज पेट घेते. ती कुरिअरने पाठवू नये, उन्हात ठेवू नये आणि तुकडा जाळून खात्री तर कधीच करू नये. अशा वेळी पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारणा करणे योग्य.

यानंतर नाकाचे काम सुरू होते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर अ‍ॅसिटेट (घरगुती रिळांत सहसा वापरलेल्या प्लास्टिकची) फिल्म कुजू लागली आहे असे समजावे. ही प्रक्रिया उष्णता आणि दमटपणा यांनी वेग घेते, पुन्हा मागे फिरवता येत नाही, आणि निघणाऱ्या वाफेने शेजारची चांगली रिळेही बिघडू शकतात. म्हणून असा डबा त्याच दिवशी वेगळा करावा. आखडणे मोजण्याची साधी रीत आहे: १६ मिलिमीटरच्या प्रिंटवर शंभर चौकटी मोजून त्यांची लांबी मोजपट्टीने पाहावी. ती ७६२ मिलिमीटर असायला हवी. साडेसातशेच्या आसपास आली, तर आखडणे दीड टक्क्याच्या पुढे गेले आहे आणि तसे वर्णनात लिहिलेच पाहिजे. रंगाचेही तसेच आहे. ईस्टमनकलर या रंगीत फिल्मच्या जुन्या प्रिंट गुलाबी-लाल होत जातात, कोडाक्रोम या दुसऱ्या रंगीत फिल्मचे रंग मात्र पुष्कळ टिकतात. बुरशीचे डाग, उभे ओरखडे, सुटलेले जोड आणि फाटकी छिद्रे यांची नोंद करून त्यांचे जवळून फोटो द्यावेत. कोल्हापूरकरांनी आणखी एक गोष्ट जरूर सांगावी: २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात त्या घरात पाणी शिरले होते का. पुरात भिजून वाळलेल्या रिळाची वेटोळी एकमेकांना चिकटलेली असतात, आणि ती ओढून सोडवू पाहिल्यास चित्राचा थर सुटून येतो.

किंमत ठरवताना विक्रेत्यांनी मागितलेले आकडे न पाहता प्रत्यक्षात झालेल्या विक्रीचे भाव पाहावेत. दुकानातून विकत घेतलेल्या छोट्या विनोदी वा कार्टून रिळांना मूळ पुठ्ठ्याच्या डब्यासह जास्त मागणी असते, म्हणून फाटका डबाही फेकू नये. याउलट कुणी घरी चित्रित केलेल्या रिळाचे मोल त्यातल्या दृश्यावर असते. खासबागेतील कुस्ती, दसरा चौकातले सीमोल्लंघन किंवा जुना रंकाळा त्यात असेल, तर ठिकाण आणि शक्य असल्यास साल आधी लिहावे. कडेवरील कोडॅकची चिन्हे फिल्म तयार झाल्याचे वर्ष सांगतात, चित्रीकरणाचे नव्हे, आणि तीच चिन्हे वीस वर्षांनी पुन्हा वापरली गेली, हे ध्यानात ठेवावे. माझ्या मते घरगुती रीळ विकण्यापूर्वी त्याची चांगली डिजिटल प्रत करून घेतलीच पाहिजे, कारण ते बहुधा जगातले एकमेव असते. गावाचे चित्रण दुर्मीळ असेल, तर विक्रीआधी संग्रहालयाला कळवणे हे आपले कर्तव्यच आहे.

बोलपटांच्या १६ मिलिमीटर प्रिंट पूर्वी अनेकदा भाड्याने दिल्या जात. डब्यावर वितरकाचा, शाळेचा किंवा सरकारी खात्याचा शिक्का असेल, तर मालकीचा प्रश्न सुटल्याशिवाय विक्री करू नये. रीळ हाती आले म्हणून चित्रपटाचे हक्क मिळत नाहीत. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो.

पाठवणी शक्यतो पावसाळ्यानंतर करावी. रिळाचे टोक रबरबँडने न बांधता कागदाच्या पट्टीने अडवावे, स्पूल हलणार नाही असे कागद भरून ते डब्यात ठेवावे आणि डबा जाड खोक्यात घालावा. हवाबंद प्लास्टिकमध्ये ओल अडकते, म्हणून ते टाळावे. पैसे जमा झाल्याची खात्री करूनच पार्सल द्यावे, आणि बंद करण्यापूर्वी रिळाच्या दोन्ही बाजूंचे फोटो स्वतःजवळ ठेवावेत; वाटेत नुकसान झाल्याची तक्रार आली, तर तोच पुरावा उपयोगी पडतो.