हाइनेकेनच्या विक्रीचे आकडे कसे वाचावेत

हाइनेकेन या डच बिअर कंपनीचा वार्षिक अहवाल हाती घेतल्यावर उत्पन्नाआधी हेक्टोलिटरमधील विक्री पाहावी. १ हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर. जून २०२३ मध्ये नायजेरियाने विनिमय दर मोकळा सोडल्यावर नायरा या चलनाचे मूल्य झपाट्याने घसरले, त्यामुळे तेथील प्रत्येक बाटलीचे युरोतील मोल घटले आणि महागाईने ग्राहकाचा खिसाही आकसला. हे दोन परिणाम वेगळे काढण्यासाठी चलनबदल वगळून दिलेला वाढीचा दर तपासावा. स्पेनमध्ये मात्र उन्हाळा पाहावा. किनाऱ्यावरच्या बारमध्ये पर्यटकासाठी नळातून भरलेला छोटा ग्लास दुकानातल्या कॅनपेक्षा सहसा अधिक नफा देतो, म्हणून २०२० मध्ये बार बंद पडल्याचा फटका केवळ लिटरांत मोजू नये. २०२१ पासून युनायटेड ब्रुअरीज या भारतीय बिअर कंपनीचे नियंत्रण हाइनेकेनकडे असल्याने गोव्याचा हंगामही याच हिशेबात येतो, जरी भारतात राज्यांचे उत्पादन शुल्क मला त्याहून निर्णायक वाटते.