जुन्या पुण्यातली खोडकर पोरगी लिहायचीय? मग हे वाचा

लहान मुलांसाठी ऐतिहासिक गोष्ट लिहायची म्हटलं की आपण थेट लढाई नाहीतर चळवळच उचलतो, आणि गोष्टीतली पोरगी बिचारी निरोप पोचवण्यापुरतीच उरते. तसं करू नका. आधी एक साल आणि एक आळी पक्की करा. समजा १८८५, पुणे. हुजूरपागेची मुलींची शाळा वर्षभरापूर्वीच, १८८४ ला सुरू झालेली. आता आपली नऊ वर्षांची गोदी सकाळपासून काय काय करते ते नुसतं लिहून काढा. पाणी हौदावरून येतं, नळ नाही. संध्याकाळी कंदिलाची काच पुसायची, हात बारीक म्हणून हे काम पोरींकडेच. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे चिंचा-बोरांचा हिशोबही तसाच करायचा. छापलेलं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, पण मामाचं पत्र मोडी लिपीत, त्यामुळे पुस्तक घडाघडा वाचणारी गोदी पत्रापुढे अडू शकते, इथे एक मस्त प्रसंग फुकट मिळतो.

आता खोडी. पँट घालून घोड्यावर बसवलीत की ती आजची मुलगी झाली, आणि "मला समान हक्क हवेत" असं तर तिच्या तोंडी अजिबात नको. तिचं बंड घरातल्या नियमांना धक्का देणारं पाहिजे. शाळेतून आली की आधी कपडे बदलायचे, त्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. आजी सोवळ्यात पुरण वाटतेय, गोदी दारातून वाकून बघतेय, परकराचा काठ आजीच्या लुगड्याला लागला की नाही? आजी म्हणते लागला, गोदी म्हणते नाही. आजीला परत आंघोळ, पुरण खोळंबलं, पंगत उशिरा, आणि ओरडा सगळ्या घराला 😄 एवढ्यावर अख्खं प्रकरण होतं. आणि सोवळं म्हणजे काय हे समजावत बसू नका, पोरांना प्रसंगातून कळतं.

अवघड भाग लग्नाचा. बरेच लेखक तो गाळतात, मला ते पटत नाही. लग्नाच्या वयाला कायद्याने खालची मर्यादा घातली ती १९२९ च्या शारदा कायद्याने, त्यामुळे १८८५ ला गोदीच्या वर्गात लग्न झालेल्या मुली असणारच. पण भाषण नको. सागरगोटे खेळणारी मैत्रीण सासरी गेली, तिचे सागरगोटे गोदीकडेच राहिले, आता ते द्यायचे कोणाकडे, एवढंच लिहा. शिकण्याला विरोधही बाहेरच्या व्हिलनकडूनच आला पाहिजे असं नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, त्यांना तर शिकताना घरातल्या बायकांचीच बोलणी खावी लागली होती.

नावांचंही बघा. आर्या, कियारा नको, गोदी, यमी, चिमी चालेल. वडिलांना 'बाबा'च म्हणायचं असंही नाही, एकत्र कुटुंबात बाकीचे अण्णा म्हणतात तर पोरंही अण्णाच म्हणायची, आईला वहिनीसुद्धा. आणि लग्नात नाव बदलायचं हे विसरू नका, खुद्द रमाबाई माहेरच्या यमुना. म्हणून ती मैत्रीण पुढच्या प्रकरणात माहेरपणाला आली की तिला कोण कुठल्या नावाने हाक मारतं हे आधीच वहीत लिहून ठेवा, नाहीतर दहाव्या पानावर तुमचाच गोंधळ होईल.