सराव पाठाला लॅपटॉप नेताय? या चुका टाळा

बी.एड. आणि डी.एल.एड. या शिक्षक-प्रशिक्षणाच्या मुलांचे शाळांतले सराव पाठ बघत खानापूर, बेळगाव, निपाणी असा हिंडत असतो. दरवर्षी छात्राध्यापक नवे, चुका त्याच.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक फॉन्टची. जांबोटीकडच्या एका मराठी शाळेत सहावीचा पाठ होता. पाठ घेणाऱ्या मुलीनं दोन रात्री जागून स्लाइड केलेल्या. शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणांची खिचडी. मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, ह्ये कुठली भाषा हाय?" वर्ग हसला, तिचे डोळे भरले. श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीची चित्रं बसवतात. तो फॉन्ट त्या मशीनवर नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. कन्नडातल्या नुडी या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फायलींचीही तीच गत. म्हणून युनिकोडच वापरा, त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो; आणि त्यासाठी इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड शिका. "सर, इंग्रजी स्पेलिंग मारलं की मराठी उमटतंय की, मग हे कशाला?" अरे, तुला टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, मराठीत आणि अर्ज कन्नडात लिहायचाय. इनस्क्रिप्टमध्ये दोन्हींचा 'क' एकाच कळीवर, 'ल' आणि 'ळ'सुद्धा. एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा आल्या. शिक्षक-प्रशिक्षणाचे नियम करणाऱ्या एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं, पण टायपिंगला पंधरा दिवस द्यायला कुणाला सवड नाही! मी स्वतः पेनड्राइव्हमध्ये प्रत्येक फाइलची पीडीएफ ठेवतोच, आणि शाळेच्या मशीनवर आदल्या दिवशी उघडून बघतो.

दुसरी चूक सीमाभागाची खास. यूट्यूबवर 'पाचवी मराठी' टाकलं की बालभारतीचे, म्हणजे महाराष्ट्राच्या पुस्तकांचे, व्हिडिओ येतात, आणि पोरं पहिलाच उचलतात. माध्यम मराठी असलं तरी आपल्या शाळांतली पुस्तकं कर्नाटकाची. 'आपले राज्य' शिकवताना एकानं महाराष्ट्राचा नकाशा लावला. मी मागून म्हटलं, "काय रे, सीमाप्रश्न आजच सोडवायला निघालास काय?" दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये बोर्ड कर्नाटक, माध्यम मराठी, मग इयत्ता, या क्रमानं निवडा. नाहीतर पुस्तकातलाच क्यूआर कोड स्कॅन करा. हवं ते नाही मिळालं, तर नकाशा स्वतः काढा. हात झिजत नाहीत.

व्हिडिओ घरीच डाउनलोड करून न्या.

मोबाइलचा आवाज चाळीस मुलांना पुरत नाही, छोटा स्पीकर ठेवा.

पावसाळ्यात कणकुंबीकडे करंट जातोच. खडू खिशात हवा, आणि त्याच पाठाचं फळ्यावरचं काम तयार हवं.

स्लाइड वाचून दाखवू नका. वाचता मुलांनाही येतं.

आणि व्हॉट्सॲपवरून टाचण उचलताय, तर निदान वरचं नाव तरी बदला. मागच्या वर्षीच्या एकाच मुलीचं टाचण यंदा माझ्याकडे तिघांनी सही करायला आणलं.