निरीक्षण विहिरीला कॉम्प्रेसर मारू नका
निरीक्षण विहीर म्हणजे भूजलात प्रदूषण आहे का, हे नमुने घेऊन तपासायचं बोअर. यावल-रावेरकडे तापीच्या गाळात चिकणमातीचे थर बोअर घेतानाच भोकाच्या भिंतीला लिंपले जातात. ते सुटायला हवेत, पण शेतीच्या बोअरसारखा कॉम्प्रेसर नको. हवेबरोबर पाण्यातली पेट्रोलसारखी उडणारी द्रव्यंही जातात, मग नमुना कशाला घ्यायचा?

पाइपाभोवती भरलेलं बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) फुगून वरचं सिमेंट घट्ट व्हायला किमान 24 तास द्या, जमलं तर 48. मग जाळीच्या पाइपात सर्ज ब्लॉक (दट्ट्यासारखा ठोकळा) हळूहळू वर-खाली करा, मधूनमधून गढूळ पाणी उपसा. सुरुवातीलाच जोर लावला तर बारीक गाळ जाळीत घट्ट बसतो. पाणी नितळ होऊन सामू आणि वाहकता स्थिरावेपर्यंत चालू ठेवा. उपसलेलं पाणी पिंपातच भरा, शेजारच्या केळीला सोडू नका, मालक कितीही मागे लागला तरी.