लाकडावरच्या बॉयलरची उष्णता जमिनीत जिरते का? तपासायचं कसं, थांबवायचं कसं

घराबाहेर लाकडावर चालणारा बॉयलर असला की तापलेलं पाणी घरात येतं ते चरात पुरलेल्या दोन पाइपांमधून, एक जाणारा आणि एक परतीचा. लाकूड भराभर संपू लागलं की आधी बॉयलरला दोष दिला जातो, मग ओल्या लाकडाला. दोन्ही कारणं खरी असू शकतात. पण चरात पाणी शिरलेलं असेल, तर जळलेल्या लाकडाचा मोठा वाटा माती तापवण्यात जातो आणि वरून काहीच कळत नाही. म्हणून बॉयलर बदलण्याचा विचार करण्याआधी ही लाइन तपासा.

फरक किती पडतो, ते आधी आकड्यांत पाहू. 32 मिलिमीटरचा पाइप, त्याभोवती सुमारे 35 मिलिमीटर जाडीचा कोरडा पॉलियुरेथेन फोम, आत 75 अंश सेल्सिअसचं पाणी आणि बाहेर 10 अंशांची माती धरली, तर मीटरमागे साधारण 9 वॅट उष्णता बाहेर जाते. बॉयलर घरापासून 30 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 60 मीटर पाइप, म्हणजे सुमारे 540 वॅट. आता तेच पाइप ओल्या मातीला थेट टेकलेले आहेत असं समजा. मीटरमागे 100 वॅटच्या आसपास, एकूण 6 किलोवॅट. दिवसाला हे 144 युनिट होतात. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत अंदाजे 4 युनिट उष्णता असते. बॉयलर त्यातली निम्मी पाण्यात उतरवत असेल, तर रोज 72 किलो लाकूड नुसत्या जमिनीसाठी जळतं. कोरड्या लाइनला याच हिशोबाने साडेसहा किलो पुरतं.

एवढी तफावत पाण्यामुळे पडते. फोममध्ये उष्णता अडते ती त्यात कोंडलेल्या वायूमुळे. स्थिर हवेच्या तुलनेत पाण्यातून उष्णता सुमारे 24 पट सहज जाते. त्यात चरातलं पाणी वाहतं असेल, तर तापलेलं पाणी निघून जातं आणि थंड पाणी पुन्हा पाइपाला भिडतं.

पायरी 1: जमिनीवरच्या खुणा पाहा

बर्फ पडल्यावर चराच्या रेषेवरचाच बर्फ वितळून मातीचा पट्टा उघडा पडत असेल, तर संशय पक्का धरा. थंडीत तेवढ्याच पट्ट्यातलं गवत हिरवं राहणं हीही तशीच खूण. नुसतं पातळ दव किंवा हिमकण विरघळले म्हणून घाबरू नका, उथळ पुरलेल्या चांगल्या लाइनवरही तसं होऊ शकतं. पाइप जिथे जमिनीतून वर येतात त्या दोन्ही टोकांशी जाऊन बघा. बाहेरच्या आवरणातून वाफ येत असेल, किंवा तळघराच्या भिंतीपाशी कोमट पाणी ठिबकत असेल, तर मोजमापाआधीच निदान झालं.

पायरी 2: तापमान नीट मोजा

बहुतेकांची गडबड इथेच होते. बॉयलरवरचा काटा 80 दाखवतो, घरातला 77, आणि 3 अंश जमिनीत गेले असं ठरवलं जातं. वेगवेगळ्या दोन काट्यांमध्ये एवढा फरक नुसता त्यांच्या बनावटीतही असू शकतो. दोन्ही टोकांना एकच थर्मामीटर वापरा. दोन सेन्सर लावायचेच असतील, तर आधी दोन्ही एकाच गरम पाण्यात बुडवून त्यांच्यातला फरक टिपून घ्या.

सेन्सर पाइपाला घट्ट बांधा आणि वरून इन्सुलेशन गुंडाळा, नाहीतर तो हवेचंही तापमान मिसळून सांगेल. दुरून तापमान घेणारं इन्फ्रारेड यंत्र चकचकीत तांब्या-पितळेवर चुकीचं वाचन देतं. तिथे काळी विजेची टेप चिकटवा आणि टेपवर नेम धरा. प्लास्टिकच्या पेक्स पाइपाचा पृष्ठभाग आतल्या पाण्यापेक्षा थंड असतो, म्हणून एका टोकाला धातू आणि दुसऱ्या टोकाला प्लास्टिक अशी तुलना करू नका. पंप सलग अर्धा तास चालू राहिल्यावर, बॉयलरचं तापमान स्थिर असताना चार वाचनं घ्या: बॉयलरमधून निघताना, घरात शिरताना, घरातून परत निघताना आणि बॉयलरमध्ये परतताना.

पायरी 3: अंशांचं वॅटमध्ये रूपांतर करा

प्रवाह (लिटर प्रति मिनिट) × तापमानातली घट (अंश) × 70 = वॅट. हा गुणाकार लक्षात ठेवा.

किती अंश घटले एवढ्यावरून काहीच ठरत नाही, प्रवाह माहीत असावा लागतो. मिनिटाला 10 लिटर वाहत असतील तर 1 अंशाची घट म्हणजे 700 वॅट. 30 लिटर वाहत असतील तर तोच 1 अंश 2,100 वॅटचा होतो. “माझ्या लाइनमध्ये फक्त दोनच अंश पडतात” असं समाधानाने सांगणाऱ्याच्या जोरकस पंपाच्या लाइनमधून एकट्या जाणाऱ्या पाइपातच 4 किलोवॅट गळत असू शकतात. उलट, वरच्या उदाहरणातल्या कोरड्या लाइनमध्ये 30 लिटर प्रवाहाला एका दिशेची घट 0.13 अंश येते. ती साध्या थर्मामीटरवर दिसतच नाही. तेव्हा भरपूर प्रवाह असताना साध्या थर्मामीटरवर ठळक घट दिसली, तर लाइनमध्ये दोष आहे असं मी मानतो.

जाणारा आणि परतीचा पाइप एकाच आवरणात एकमेकांना चिकटलेले असतील, तर जाणाऱ्याची थोडी उष्णता परतीच्या पाइपात जाते. ती जमिनीत गेलेली नसते. म्हणून दोन्ही पाइपांची वाचनं घ्या आणि एकूण घट काढा.

पायरी 4: प्रवाह माहीत नसेल तर थंड होण्याची चाचणी

फ्लोमीटर सगळ्यांकडे नसतो. पाइपाचं तोंड उघडून बादली भरून पाहण्यात अर्थ नाही, कारण उघड्या पाइपातला प्रवाह जोडलेल्या लाइनसारखा नसतो. मला पुढची पद्धत सगळ्यांत भरवशाची वाटते. घरातली उष्णतेची मागणी पूर्ण बंद करा, पण पाणी घरापर्यंत जाऊन परत येऊ द्या. बॉयलरमधली आग आणि निखारे पूर्ण विझू द्या. मग टाकीचं तापमान दर तासाला लिहा. दुसऱ्या वेळी साधारण त्याच तापमानापासून आणि तशाच हवामानात पंप बंद ठेवून हेच करा. पहिल्या घटीतून दुसरी वजा केली की उरतो तो पाइपांचा वाटा.

टाकीत 700 लिटर पाणी असेल तर प्रत्येक अंश म्हणजे सुमारे 0.8 युनिट. पंप चालू असताना तासाला 4 अंश आणि बंद असताना 1 अंश घट झाली, तर पाइपांतून जवळपास 2.4 किलोवॅट जातात. पंप बंद ठेवायची चाचणी कडाक्याच्या थंडीत करू नका, पाइपातलं पाणी गोठेल.

पायरी 5: पाणी कुठलं आहे ते शोधा

आवरणात पाणी सापडलं तर ते बाहेरून शिरलंय की पाइपच फुटलाय, हे ठरवल्याशिवाय कुदळ उचलू नका. बॉयलरच्या पाण्याची पातळी वारंवार खाली जाते का? पाण्यात गंजरोधक रसायन टाकलेलं असेल, तर त्याचीच चाचणीपट्टी चरातल्या पाण्यात बुडवा. रसायन सापडलं तर गळती पाइपाची. पातळी स्थिर आणि पट्टी कोरी असेल, तर ते पावसाचं किंवा भूजलाचं पाणी.

सर्वाधिक त्रास देते ती एक स्वस्त रचना. पेक्स पाइपांभोवती बुडबुड्यांची चंदेरी फॉइल गुंडाळून ते पन्हळी ड्रेनेज पाइपात सरकवलेले असतात. फॉइल उष्णता परावर्तित करते हे खरं, पण त्यासाठी तिच्यासमोर हवेची मोकळी जागा लागते. पाइपाला लगटलेल्या फॉइलचा तो गुण वाया जातो आणि आवरणात पाणी शिरलं की बुडबुड्यांचाही फारसा उपयोग उरत नाही.

पायरी 6: आधी पाणी वळवा

छपराच्या पन्हळीचं पाणी चरावर पडत असेल तर ते दूर न्या. चराच्या वरच्या अंगाला, पाइपांपेक्षा खोल, खडी आणि छिद्रांच्या पाइपाचा निचरा काढा आणि त्याला बाहेर जायला उतार द्या. आवरणातलं पाणी सखल टोकाकडून उपसा आणि दोन्ही तोंडं बंद करा. तयार इन्सुलेटेड पाइपांसाठी उष्णतेने आकसणाऱ्या रबरी टोप्या मिळतात. पाणी वरून झिरपत असेल तर एवढ्याने बराच फरक पडतो. भूजलाची पातळीच पाइपांच्या वर असेल तर नाही.

पायरी 7: नवी लाइन टाकायची वेळ आलीच तर

खणण्याआधी वीज, गॅस, पाणी यांच्या लाइन कुठून जातात याची त्या त्या यंत्रणेकडून खात्री करून घ्या. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधार लावल्याशिवाय उतरू नका, माती ढासळून माणसं दगावतात.

कारखान्यातच बंद पेशींचा (ज्याच्या बारीक पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या नसतात असा) फोम भरलेला, बाहेरून अखंड जलरोधक कवचाचा पाइप घ्या. काटकसर करायचीच असेल तर दुसरीकडे करा. जमिनीखाली एकही सांधा ठेवू नका. चरात फोम फवारून घेणं हाही चांगला पर्याय आहे, मात्र चर कोरडा हवा, पाइप तळापासून उचललेले हवेत म्हणजे फोम खालूनही भरेल, आणि तो थराथराने फवारलेला हवा. एकदम जाड थर दिला तर फोम आतून फार तापतो. उघड्या पेशींचा फोम पाणी शोषतो, तो इथे चालत नाही. एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरिन या कडक फोमचे इन्सुलेशन बोर्ड साधारण 75 अंशांपर्यंतच टिकतात, म्हणून ते तापलेल्या पाइपाला थेट टेकवू नका.

माती लोटण्याआधी लाइनची दाबचाचणी घ्या. पाइपाखाली आणि वर वाळू टाका, आणि पाइपाच्या फूटभर वर इशारापट्टी अंथरा.

पाण्याचं तापमान उतरवूनही थोडी बचत होते. माती 8 अंशांवर असताना पाणी 80 वरून 70 वर आणलं, तर गळती सुमारे 14 टक्क्यांनी घटते. पण परतीचं पाणी 60 अंशांखाली जाऊ देऊ नका. थंड भट्टीच्या भिंतींवर ओल धरते, डांबरी काजळी साचते आणि पत्रा गंजतो. त्यासाठी परतीच्या बाजूला तापमान राखणारा मिश्रण-व्हॉल्व्ह बसवतात.

दुरुस्तीनंतर लगेच घेतलेलं वाचन शेवटचं मानू नका. चराभोवतीची माती तापून स्थिरावायला वेळ लागतो आणि तोवर गळती प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. काही आठवडे जाऊ द्या, मग पायरी 4 ची चाचणी पुन्हा करा. तीच चाचणी पहिल्या जोरदार पावसानंतर आणखी एकदा करा. कोरड्या दिवसाच्या आणि पावसानंतरच्या आकड्यांत मोठी तफावत आली, तर पाणी अजून कुठून तरी आत शिरतंय.