मशीनवर विणलेल्या स्वेटरचे टाके बंद कसे करायचे

मागच्या डिसेंबरात धुळ्याच्या थंडीत भाच्यासाठी स्वेटर काढला, मशीनवर दोन दिवसात विणून झाला आणि घालायला गेलो तर गळा डोक्यावर अडकला. पोरगं ओरडतंय, कान लाल झालेले, आणि चूक माझीच, टाके (म्हणजे विणकाम उसवू नये म्हणून शेवटची कड) करकचून बंद केलेले!

तर आता मी काय करते ते सांगते. कॅरेज, म्हणजे सुयांवरून सरकवून ओळ विणायचा भाग, उजवीकडे आणा, त्यातून लोकर काढा, विणकामाला खाली टांगलेली वजनं थोडी हलकी करा. आता उजवीकडूनच सुरुवात. ट्रान्सफर टूलने (टाका एका सुईवरून दुसरीवर न्यायचं हत्यार) पहिला टाका उचलायचा आणि सुयांच्या मधे जो खुंटा असतो ना, त्याच्या मागून नेऊन शेजारच्या सुईवर चढवायचा. रिकामी सुई मागे ढकला. दोन टाके असलेली सुई पुढे ओढा, दोन्ही टाके लॅचच्या, म्हणजे सुईच्या हुकाला असलेल्या छोट्या झडपेच्या, मागे गेले पाहिजेत, हुकात लोकर ठेवा आणि सुई हाताने हळूच मागे न्या, दोघांचा एक टाका होतो. असंच शेवटपर्यंत, मग लोकर कापून शेवटच्या टाक्यातून ओढून घ्या. खुंट्याला वेढा बसतो म्हणून कड आवळतच नाही, नेहमीच्या मशीनला सुयांमधलं अंतर ४.५ मिमी असतं तेवढी जागा प्रत्येक टाक्याला मिळतेच. सगळं झाल्यावरच कड खुंट्यांवरून उचला, आधी उचलली तर काय उपयोग.

घाई असेल तर शेवटची ओळ टेन्शन १० वर (म्हणजे एकदम सैल) विणा आणि लॅच टूलने, म्हणजे तशीच झडप असलेल्या हातातल्या हुकाने, टाक्यातून टाका ओढत जा, फक्त सुरुवात लोकर नाही त्या बाजूने करा म्हणजे शेवटी लोकर हाताशी येते. दिसायला ठीकठाक, पण मफलरला चालतं.

गळ्याच्या पट्टीला मात्र मी मशीनवर बंद करतच नाही. रुंदीच्या चौपट लोकर सोडते, वेगळ्या रंगाच्या टाकाऊ लोकरीच्या सात-आठ ओळी विणून काम खाली उतरवते आणि मग बोथट सुईने प्रत्येक टाक्यातून बखिया घातल्यासारखं शिवते, एक मागे दोन पुढे, टाकाऊ लोकर मागाहून उसवायची. वेळ खातं, संध्याकाळ जाते, पण ताणलं तर ताणतं.

खांदे असतील तर दोन्ही भाग सुलट बाजू समोरासमोर करून त्याच सुयांवर चढवा, एक ओळ विणा आणि एकत्रच बंद करा, शिलाई वाचते.

आणि सुती धागा असेल तर अजून सैल ठेवा, त्याला लोकरीसारखी लवच नसते.