सारी वॉर्डात पहिलीच ड्युटी लागली असेल तर

दर हिवाळ्यात मला एकाच छापाचे मेसेज येतात. नुकतंच नर्सिंगचं रजिस्ट्रेशन झालंय, नाशकात नोकरी लागलीय आणि पहिलीच पोस्टिंग सारी वॉर्डात, म्हणजे ताप, खोकला, धाप घेऊन ॲडमिट झालेल्यांच्या वॉर्डात. ताई, काय करू? बीपी, शुगर, व्हेनफ्लॉन (सलाइनची सुई) लावणं हे तुम्हाला येतं असं धरूनच पुढचं लिहितेय. ते येत नसेल तर आधी जनरल वॉर्ड मागून घ्या, त्यात लाज नाही.

श्वसनाचा नवा विषाणू आला की पहिले काही महिने त्यावर हमखास औषध कुणाकडेच नसतं. २०२० च्या मार्चमध्ये आमच्याकडेही नव्हतं. तेव्हा नाशिकचे स्वॅब पुण्याला एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत जायचे, आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत पेशंट एक तर सुधारलेला असायचा नाहीतर आयसीयूत गेलेला. त्या दिवसांत माणसं वाचली ती ऑक्सिजनने, पालथं झोपवण्याने आणि बिघडतोय हे वेळेवर कळल्याने. हे कळण्याचं काम बहुतेक वेळा आपल्याच वाट्याला येतं, कारण डॉक्टर राउंडपुरते येतात, बेडपाशी आपण असतो.

आता तो सापळा सांगते. यात मी अडकले, माझ्या बॅचच्या बहुतेक जणी अडकल्या, तुम्हीही अडकाल, म्हणून जरा लांबण लावते. चार्टवर सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्क्याचा रकाना बघा: ९५, ९४, ९५, ९५. पेशंट स्थिर, असं वाटतं ना? पण सकाळचे ९५ मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजनवर होते, दुपारचे सहावर आणि रात्रीचे रिझर्व्हॉयर मास्कच्या (पिशवीवाल्या मास्कच्या) पंधरावर. घरखर्च दर महिन्याला तेवढाच दिसतो, पण उसनवारी वाढत चाललेली असते, तसला हा प्रकार. आकडा हलला नाही, माणूस दिवसभर खाली येत होता. बऱ्याच छापील चार्टमध्ये लिटर लिहायला रकानाच नसतो. पेनने रेघ मारून करून घ्या. नुसतं ‘९५’ कधीही लिहू नका. ‘९५, मास्क, ८ लिटर’ असं लिहा. ड्युटी बदलताना हँडओव्हरलाही तसंच बोला.

आकडा का हलत नाही, तेही समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. सॅच्युरेशन ९० च्या वर असतं तेव्हा रक्तातला ऑक्सिजनचा दाब बराच उतरला तरी टक्का एखाद-दोन अंशच सरकतो. ९० टक्के म्हणजे दाब साधारण ६० मिलिमीटर पारा, आणि त्याच्या खाली मात्र तीव्र उतार आहे. ऑक्सिमीटर ओरडायला लागतो तोवर आपण त्या उताराच्या तोंडाशी आलेलो असतो.

याच्या आधी बोलतो तो श्वासाचा वेग. आणि नेमका हाच रकाना आपण खोटा भरतो. कुठल्याही वॉर्डाचे चार्ट काढून बघा, सगळीकडे २०, २०, २२, २०. मोजलेलं कुणी नाही. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. ब्लँकेट छातीवरून खाली करा, मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवा आणि नजर छाती-पोटावर ठेवा. मोजतोय हे पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो. गॉगलवर वाफ धरते आणि मनगटावरचं घड्याळ पीपीईच्या आत जातं, म्हणून सेकंदकाटा असलेलं मोठं घड्याळ वॉर्डाच्या भिंतीवर लावून घ्या. शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. कोविडच्या आपल्या सरकारी मार्गदर्शिकेत मिनिटाला २४ पासून पुढे मध्यम आणि ३० च्या पुढे गंभीर अशी वर्गवारी होती. नव्या आजारात दुसरं काही हाती नसेल तेव्हा सुरुवातीला हेच धरून चाला.

एक हिशोब दाखवते. हाय-फ्लोवर, म्हणजे नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या मशीनवर पेशंट आहे, ऑक्सिजन ६० टक्के, सॅच्युरेशन ९५. ९५ ला ०.६ ने भागा, साधारण १५८. श्वास २० असेल तर १५८ भागिले २० म्हणजे ७.९. श्वास ३६ असेल तर ४.४. याला रॉक्स इंडेक्स म्हणतात, आणि ४.८८ च्या खाली गेला की श्वासनलिकेत ट्यूब टाकायची वेळ येऊ शकते, डॉक्टरांना लगेच बोलवायचं. सॅच्युरेशन दोन्हीकडे ९५ च. फरक फक्त त्या रकान्याचा, जिथे आपण डोळे झाकून २० लिहितो.

घाबरून जाऊ नका. एक मिनिट मोजणं कुणालाही जमतं, त्याला एमडी लागत नाही. आठवडाभरात नुसतं दारातून बघून कुठल्या बेडकडे आधी जायचं हे कळायला लागतं. जो काल पूर्ण वाक्यात भांडत होता आणि आज दोन-दोन शब्दांवर आलाय, त्याच्याकडे आधी.

उलटा घोळही होतो. थंडीत निफाडकडून पहाटे निघून पेशंट येतो, बोटं बर्फासारखी गार, ऑक्सिमीटर ८४ दाखवतो आणि सगळे धावतात. आधी हात चोळून गरम करा, नखाची पॉलिश पुसा, दुसऱ्या बोटावर बघा, स्क्रीनवरची लाट नीट येतेय का बघा. पण हे करताना श्वास ३२ दिसला तर चोळत बसू नका, ऑक्सिजन लावा.

रिझर्व्हॉयर मास्क चेहऱ्यावर चढवण्याआधी आतल्या झडपेवर अंगठा दाबून पिशवी पूर्ण फुगू द्या. श्वास घेताना पिशवी पार चपटी होत असेल तर फ्लो कमी पडतोय. दहा लिटरच्या खाली हा मास्क चालवायचाच नाही. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत नळाचं पाणी घालू नका. वॉर्डबॉय मामांनी भरून ठेवलेली असली तरी रिकामी करून स्टराइल पाणी भरा.

आणि संडास. पेशंट मास्क काढून, ‘आलोच सिस्टर’ म्हणत जातो आणि तिथेच कोसळतो. बेडपॅन द्या. तो लाजेल, चिडेल, मुलगा येऊन तुमच्याशी वाद घालेल. तरी बेडपॅनच.

जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर असतात. १५ लिटरवर एक पेशंट असेल तर साधारण पावणेआठ तास जातो. हाय-फ्लो ६० लिटर आणि शंभर टक्क्यांवर असेल तर दोन तासही नाही. हे गणित ड्युटीवर आल्या आल्या करायचं, गेजचा काटा लालमध्ये गेल्यावर नाही. २१ एप्रिल २०२१ ला नाशकात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, प्रेशर गेलं आणि एका दुपारीत वीसहून जास्त माणसं गेली. हे आपल्याच गावात झालंय. भरलेला सिलिंडर, त्याची चावी आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) कुठे आहे हे अंधारातसुद्धा सापडलं पाहिजे.

औषधांबद्दल माझं मत जरा कडवट आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारे प्रोटोकॉल डिलीट करा, मग ते कितीही मोठ्या सरांच्या नावाने असोत. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी नातेवाईक रात्ररात्र वणवण फिरले आणि मे २०२१ मध्ये तो मार्गदर्शिकेतूनच काढला गेला. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा उपयोग जून २०२० मध्ये सिद्ध झाला, रोज ६ मिलिग्रॅम, पण ऑक्सिजन लागणाऱ्यांनाच. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा नव्हता. तरी गल्लोगल्ली दिलं गेलं, शुगर चढल्या, आणि मग काळ्या बुरशीची लाट आपण पाहिलीच. म्हणून स्टेरॉइड सुरू झालं की शुगर तपासायचं डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर आठवण करून लिहून घ्या. बाकी, २०२५ च्या जानेवारीत श्वसनाच्या ज्या एचएमपीव्ही विषाणूला सगळे ‘नवा’ म्हणत होते, तो सापडला २००१ मध्ये. त्या आठवड्यात मला आलेले फोन विचारू नका.

शिकायचं असेल तर युट्यूबपेक्षा वॉर्डातली सगळ्यात खडूस सिनियर सिस्टर धरा. गोड बोलणाऱ्या बहुतेक चार्ट भरायला शिकवतात. खडूस बाई पीपीई काढताना तुमच्यासमोर उभी राहते आणि हात चेहऱ्याकडे गेला की ओरडते. ते ओरडणं सोन्याच्या भावाचं आहे, कारण आपल्याला लागण होते ती बहुधा काढताना, थकलेलं असताना. आधी ग्लोव्हज, मग गाऊन आणि गॉगल, एन-९५ सगळ्यात शेवटी आणि खोलीबाहेर आल्यावरच. प्रत्येक टप्प्यानंतर हात स्वच्छ करा. ब्रदर लोकांनो, दाढी काढा. दाढीवर एन-९५ बसत नाही, मास्क कितीही महागाचा घ्या.

२०२७ ला सिंहस्थ आहे. देशभरातून माणसं गोदाकाठी येणार, आणि काही खोकत येणार. तेव्हा वॉर्डात तुम्हीच जुन्या असाल.

शेवटचं तुमच्याबद्दल. फ्लूची लस दरवर्षी घ्या. अंगात कणकण वाटली तर ‘स्टाफ कमी आहे’ म्हणून गोळी घेऊन ड्युटीवर येऊ नका, चांगल्या चाललेल्या वॉर्डातही लागण अशीच पसरते. इनचार्ज सिस्टरना रात्रीच फोन करा. सकाळी सहाला केलात तर त्यांना बदली मिळत नाही, आणि मग शिव्या पडतात त्या योग्यच असतात.